पहिल्या खिळ्यावरचा लाल कप

बुधवार, २८ डिसेंबर

लिही गं नूरीस. आधी वार लिही, मग माझं नाव. कासिल्दा, एवढंच. आडनावानं मला फक्त दवाखान्यात हाक मारतात; गाव नुसतं 'दोन्या' म्हणतं, म्हणजे बाईसाहेब.

हे कशासाठी लिहायचं, तेही लिही. गेल्या मार्चात याच चुलीपाशी उभी राहून मी म्हणाले होते, बेरोआला रविवारी चेंडू देऊ नका. शनिवारी रात्री त्याच्या सासुरवाडीला बकरं कापतात आणि रविवारी तो स्वतःच बकरं होतो. कुणी ऐकलं नाही. धुलाई झाली. आणि मग माझा मुलगा आन्सेल्मो, गावच्या बेसबॉल संघाचा मॅनेजर, मलाच विचारतो, "आई, असं तू कधी म्हणालीस?" मला अक्षर येत नाही हे खरं. पण साक्षीदार ठेवायला अक्षर कशाला लागतं? सून आहे ना. यंदा मी जे बोलेन ते त्याच दिवशी कागदावर जाईल. मार्चात बघू, कोण काय विसरतं ते.

"तुम्ही बोलाल ते सगळं लिहू?" सून विचारते आहे.

सगळं. मध्येच जांभई दिलीस तर तीही.

तर आजची बातमी. पुढच्या हंगामात लीगनं आठवड्याला एक सामना वाढवलाय. शनिवार-रविवार होतेच, आता बुधवारही. बाकीच्या खेळाडूंना त्याचं काही नाही. पण जो चेंडू फेकतो, त्या पिचरचा हात एका सामन्यात पिळून निघतो. पुढे काही दिवस त्या हाताला कामाला लावायचं नसतं. म्हणून फेकणाऱ्यांचा फेर लावावा लागतो, कुणामागून कोण. आजवर दोघांत भागायचं. आता तिघे हवेत.

आमच्याकडे हा फेर लागतो माझ्या स्वयंपाकघरात, खिडकीशेजारच्या भिंतीवर. माझा नवरा नोनातो मॅनेजर असताना त्यानं तिथे दोन खिळे ठोकले. चांगले उंच, पोरांचे हात पोचू नयेत म्हणून. पहिल्यावर शनिवारच्या पिचरचा कप, दुसऱ्यावर रविवारच्याचा. कप खिळ्यावर म्हणजे माणूस फेरात. कप उतरला की माणूस उतरला, आणि कप त्याच्या घरी जातो. गावातल्या निम्म्या घरांत माझे उतरलेले कप आहेत. कुणी त्यात ओरेगानो लावलाय, कुणी कवळी ठेवतो. आन्सेल्मोचा खांदा गेला तेव्हा त्याचाही उतरला. त्याला आता जमाना झाला. तो अजून त्यातच कॉफी पितो, डाव्या हातानं.

आज त्यानं तिसरा खिळा ठोकला, तोही डाव्या हातानं. दोन वाकवले, एका संताला शिवी घातली, तेव्हा तिसरा बसला.

मंगळवार, ३ जानेवारी

आज माणसं लिहून ठेवू. तुझ्या भावापासूनच सुरू कर.

मिंगो. साखर कारखान्यात वेल्डर. चाळिशीला टेकलाय, पण पहिला खिळा दहा वर्षं त्याचा आहे. "शनिवार मिंगोचा," असं गावातली पोरंसुद्धा म्हणतात. लाल कप, काठाला एका बाजूनं टवका उडालेला.

दुसरा विल्किन. डावखुरा, मासे विकतो. संघ जिंकत असला की मोजे धूत नाही, म्हणून जिंकत असताना त्याचा खेळ वाऱ्याची दिशा बघून बघावा लागतो. निळा कप.

तिसऱ्या खिळ्याला दोन गिऱ्हाइकं. एक बेरोआ, जो मोटारसायकलवर सवाऱ्या पोचवतो, म्हणजे स्वतः बसून सीटवर जागा उरली तर. आजवर तो कुणी दमला की मधूनच यायचा. दुसरा एलियेसेर. त्याला अमेरिकेतल्या मोठ्या संघानं उचलून नेलं होतं, तिकडच्या धाकट्या संघांमधून काही वर्षं फिरवलं आणि परत पाठवून दिलं. आता न्हाव्याच्या दुकानात केस कापतो. फेकतो जोरात, बोलतो तोलून, आणि कॉफी पीत नाही. कॉफी न पिणाऱ्याचा कप खिळ्यावर कसा लावायचा, हा प्रश्न नोनातोलाही कधी पडला नव्हता.

संध्याकाळी सगळे पडवीत बसले होते. आन्सेल्मो म्हणाला, "मिंगो, तुझं मत सांग. बुधवार कुणाला देऊ? बेरोआला, की या मुक्याला?"

"मला," मिंगो म्हणाला.

"शनिवार तुझा आहे ना?"

"शनिवारही माझा, बुधवारही माझा."

"अरे, हात आहे की उसाचा चरक?"

"हात आहे, मेव्हणे. तुमच्यासारखा शोभेचा नाही."

सगळे खदखदून हसले. आन्सेल्मोही हसला. तू मात्र हसली नाहीस. का गं, पेन का थांबलं? लिही, थांबलं म्हणून.

शुक्रवार, ६ जानेवारी

आज तिन्ही राजांचा सण; ते रात्री उंटावरून येऊन पोरांना खेळणी ठेवून जातात. शेजारची पोरं सकाळपासून नव्या शिट्ट्या फुंकताहेत. ज्या राजानं शिट्टी आणली त्याच्या उंटाला खरूज होवो.

पण मला दुसरंच काहीतरी सापडलंय. कप धुताना बघितलं. मिंगोच्या कपावर कॉफीचा ओघळ चुकीच्या बाजूला आहे.

नीट सांगते. माणूस कपातून पितो, तिथून एखादा थेंब बाहेर ओघळतो आणि वाळतो. मिंगोच्या कपाचा टवका उडाला तेव्हापासून ओघळ नेहमी चांगल्या काठाखाली असतो. टवक्याला कोण ओठ लावेल? आणि गेले कित्येक दिवस ओघळ टवक्याखाली आहे! आधी वाटलं, दुसरंच कुणी त्याच्या कपातून पितंय. पण आज मी समोर बसून पाहिलं. तोच पीत होता. ओठ वाकडा करून, टवक्यावरून.

चांगला काठ सोडून माणूस फुटक्या काठाला तोंड का लावेल? मला रात्रीची झोप लागणार नाही. तशी ती लागतच नाही, पण आता कारण मिळालं.

"सोडा हो, सासूबाई," तू म्हणालीस. कप कसा सोडू? कपच तर आहेत माझ्याकडे.

गुरुवार, १२ जानेवारी

शोध चालू आहे.

टवक्यावरून पिण्याचं कारण म्हणजे मिंगो कप डाव्या हातात धरतो. कान डावीकडे आला की टवका तोंडाशी येतो. एवढं मी स्वतः शोधलं. दुपारी रिकामा कप घेऊन दोन्ही हातांनी पिऊन पाहिलं. शेजारीण खिडकीतून बघत होती. तिला वाटलं, माझं झालं आता.

पण डाव्या हातात का?

विल्किनला विचारलं. असल्या गोष्टींत त्याचा अभ्यास दांडगा. तो म्हणाला, "दोन्या, हा नवस असणार. उजवा हात फक्त चेंडूसाठी राखायचा. कॉफी नाही, चमचा नाही, दाराची कडीसुद्धा नाही. मी पण करणार होतो, पण मी डावखुरा, मग सगळं उजव्यानं करावं लागलं असतं. दाढी करताना मेलो असतो."

बेरोआचं म्हणणं वेगळं. "बाई असणार, दोन्या. डाव्या हातात कुणीतरी दिलेलं नवं घड्याळ असेल, ते दाखवतोय."

घड्याळ नाही. मी बघितलं.

मला विल्किनचं पटतं. नवसच असणार. परवा तो चर्चमध्येही डाव्या हातानं क्रूसाची खूण करत होता, तेव्हा पाद्र्यानं भुवई उचलली होती. आणि मिंगोला नवसाची गरज आहेच. गाळप सुरू झालंय, कारखान्यात रोज कुठला ना कुठला पाइप फुटतो, जोडायला हाच. त्याच्या त्या एका हातावर तीन पोरं जेवतात आणि वर शनिवारही त्याच हाताचा. आता म्हणे बुधवारही. आन्सेल्मोचं मन तिकडेच झुकतंय. "मिंगो म्हणतोय तर जमेल," असं कालपासून दोनदा म्हणाला.

सून म्हणते, डोकं दुखतंय, आज इतकंच.

रविवार, २२ जानेवारी

काल आल्ताग्रासिया मातेचा दिवस. अर्धं गाव इग्वेईला तिच्या चर्चमध्ये दर्शनाला जाऊन आलं. मिंगोही गेला होता. आज कॉफीला आला तेव्हा मी त्याला धरलं.

"काय रे, फिटला का नवस?"

"कसला नवस, दोन्या?"

"मला शिकवू नकोस. उजव्या हाताचा."

त्याचा चेहरा असा काही झाला की, मी म्हटलं, नेमकं पकडलं! मग तो हसला. "तुम्हाला कोण सांगतं हे सगळं? या नूरीसनं सांगितलं?"

"नूरीस माझ्याशी भाजीच्या मिठाखेरीज बोलत नाही. कपानं सांगितलं."

त्यानं कपातली कॉफी संपवली. मग म्हणाला, "मातेला जे सांगायचं ते सांगून आलोय. कुणाला सांगितलं की नवस फुकट जातो ना?"

मी तोंडावर बोट ठेवलं. म्हणजे नवसच आहे. पण नवस फुकट जाऊ नये म्हणून मी हे इथे लिहून घेतेय, यात काही चूक तर नाही ना? तू लिहितेस म्हणजे मी कुणाला सांगितलं असं होत नाही.

एक मात्र कळत नाही. नवस करणारा माणूस ऐटीत असतो, दहा जणांत मिरवतो की मी अमुक खात नाही, तमुक करत नाही. मिंगो कप टेबलाच्या कडेनं सरकवून घेतो, कुणी बघत नाही ना, असा. मी आज मुद्दाम कान उजवीकडे करून कप ठेवला. त्यानं बोलता बोलता तो फिरवून घेतला.

गुरुवार, २ फेब्रुवारी

मैदानावर चाचणी झाली. मी छत्री आणि खुर्ची घेऊन गेले. एलियेसेरनं असे चेंडू फेकले की पकडणाऱ्यानं हातमोजा काढून पंजावर फुंकर घातली. बेरोआचे चेंडू हळू, पण जिथे सांगाल तिथे; पोस्टमननं पत्र टाकावं तसे. मिंगोनं फेकलंच नाही. म्हणाला, "माझं काय बघायचंय? घोडा म्हातारा असला तरी बाजारात दात दाखवत नाही."

घरी आल्यावर आन्सेल्मो डोकं धरून बसला.

"एलियेसेरला बुधवार दिला तर बेरोआ रुसतो. बेरोआला दिला तर हा मुका सुकतो. तिकडून एकदा नाकारून पाठवलाय, इथेही नाकारला तर चेंडू परत हातात धरणार नाही."

"मग?"

"मग मिंगोलाच दोन्ही दिवस. भांडण नाही. अकरा तारखेला, शनिवारी, सगळ्यांसमोर त्याचा कप पहिल्या खिळ्यावर आणि त्याच्या नावाचा दुसरा तिसऱ्यावर."

मी म्हटलं, "दोन कप एका माणसाचे? माझ्या भिंतीवर? आणि मधले तीन-चार दिवस तो हात काय खाऊन परत उभा राहील?" हे लिही, अधोरेखित कर. मार्चात कामाला येईल.

आन्सेल्मो म्हणाला, "तो मागतोय, आई. मी कुठे लादतोय?"

तू ताटं इतक्या जोरात आपटत होतीस की मला शेवटचं वाक्य दोनदा विचारावं लागलं.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

आज सकाळी मिंगोचा कप खिळ्यावरून उतरवून उन्हात नेला. टवका बोटानं चाचपला. ओठाला लागेल असा आहे. म्हटलं, नवस फिटेपर्यंत निदान कड घासून द्यावी. लिंबू आणि राखेनं घासला, चकचकीत केला.

संध्याकाळी धुऊन, पुसून पहिल्या खिळ्यावर परत लावला. खुर्चीवर चढायला तूच हात दिलास.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

पहिला खिळा रिकामा आहे.

सकाळी सहाला विल्किन मासे द्यायला आला आणि दारातच थिजला. भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, टोपी काढली. "कधी ठरलं, दोन्या?" मी वळून बघते तर खिळा उघडा. मी काही बोलायच्या आत तो गेला. माशांची टोपली इथेच विसरून.

आठ वाजेपर्यंत चिचीच्या दुकानात बातमी. नऊला डॉमिनो खेळणाऱ्यांत. दहाला कारखान्यात. दुपारी चिची स्वतः आली, डोळे पुसत, आणि जाता जाता म्हणाली, "दोन्या, मिंगोनं कप घरी नेला नाही तर मला द्या. माझ्या पोपटाच्या पाण्याला छान होईल."

आन्सेल्मो आल्याबरोबर ओरडला, "कुणी उतरवला? मी अजून तोंड उघडलं नाही आणि गावानं माणूस काढूनही टाकला!"

मी सांगितलं, कप मी उतरवला होता, घासायला. पण परत लावला होता. असं मला वाटतं. "वाटतं" असंच लिही. सकाळी खात्री होती, पण दिवसभर इतक्या जणांनी विचारलंय की आता मलाच ठाऊक नाही. कपाट, टोपल्या, कोंबड्यांचं खुराडं, सगळं बघितलं. कप नाही.

"आई, तुला आठवत नाही का?" आन्सेल्मो म्हणाला. रागावून म्हणाला असता तर बरं होतं. हळू आवाजात म्हणाला.

मिंगो दिवसभर आला नाही. चाळिशीच्या माणसाला त्याच्याच गावानं दुकानातून कळवावं की तू संपलास. आणि हे माझ्या भिंतीमुळे. तुझं अक्षर आज माझ्या बोलण्यासारखं वाकडं का जातंय, ते मी विचारत नाही. तुझा भाऊ आहे.

शनिवार, ११ फेब्रुवारी

आज सगळं सविस्तर लिही. घाई नको.

दुपारी सगळे जमले होते, आन्सेल्मो फेर जाहीर करणार म्हणून. विल्किन, बेरोआ, एलियेसेर भिंतीला टेकून. मिंगो कारखान्यातून थेट आला, अंगावर काजळी. हातात त्याच्या वर्कशॉपमधला काळाकुट्ट पत्र्याचा कप.

"माझा कप हरवलाय म्हणे," तो म्हणाला. "हरकत नाही. हा घ्या."

"मिंगो, ऐक तर. चूक झाली. आई..."

"दोन्याला काही बोलू नका. मी माझा कप माझ्या खिळ्यावर लावतो आणि मग तुम्ही बोला."

आणि तो भिंतीपाशी गेला. रागात होता, म्हणून विसरला. कप उजव्या हातात होता. त्यानं हात वर नेला आणि हात खांद्यापाशी थांबला. बस. पुढे जाईना. खिळा अजून हातभर वर. त्यानं दात आवळले, टाचा उचलल्या, कपाळावर घामाचे थेंब आले. पत्र्याचा कप भिंतीवर खडखड वाजायला लागला. मग खाली पडला.

कुणी उचलला नाही. मी पाहिलं आन्सेल्मोकडे. तो मिंगोच्या खांद्याकडे असा बघत होता, जसं कुणी आपलं जुनं घर बघतं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"शेवटच्या सामन्यापासून."

"कारखान्यात काय करतोस?"

"खालचे पाइप मी जोडतो. वरच्यांसाठी शिकाऊ चढतो. कुणाला कळलं नाही अजून."

"आणि माझ्याकडे दोन दिवस मागत होतास? दोन!"

"एकच मागितला असता तर तुम्ही विचारलं असतंत, का रे बाबा, एकच का?" मिंगो म्हणाला. "दोन मागणाऱ्याला कुणी विचारत नाही."

बाई गं. नवस म्हणे! आणि मी ज्या मुलाला डाव्या हातानं कॉफी पिताना इतकी वर्षं बघतेय, त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाचा डावा हात मला कळू नये! सवयीच्या गोष्टीवर नजर बसतच नाही, घसरून जाते.

आन्सेल्मो म्हणाला, "एक सामना फेकलास ना, तर उरलाय तोही जाईल. मग चेंडू गेला, वेल्डिंगची दांडीही गेली. पोरांना काय, टाळ्या खाऊ घालणार?"

"शनिवार नसला तर मी कोण आहे, मेव्हणे? खरं सांगा."

आन्सेल्मोनं आपला कप उचलला, डाव्या हातानं. "माझ्याकडे बघ. मी कोण आहे?"

मिंगोनं नाक ओढलं. "तुम्ही? गेल्या हंगामात खालून दुसरा आलेला मॅनेजर."

आधी विल्किन हसला, मग बेरोआ, मग सगळेच. एलियेसेरनं खाली वाकून पत्र्याचा कप उचलला, सदऱ्याला पुसला आणि मिंगोच्या डाव्या हातात दिला. आणि पहिल्यांदाच या घरात बोलला. "दोन्या, कॉफी आहे का? मला पण."

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की तू न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलंयस. बराच वेळ नळ चालू होता.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

कप सापडला.

तू मिंगोला घेऊन राजधानीत डॉक्टरकडे गेली होतीस. मी बेरोआला म्हटलं, उंच आहेस, कपाटावरची पिशवी काढून दे, नाताळच्या गव्हाणीतली मातीची मेंढरं ठेवायचीत. त्यानं भलतीच पिशवी काढली, तुझी केस कुरळे करायच्या रिळांची. त्यात, तुझ्या रुमालात गुंडाळलेला, लाल कप.

बेरोआ म्हणाला, "दोन्या, तुमच्या रिळांत कप आहे."

मी म्हटलं, "माझ्या डोक्यावर रिळं लावायला केस उरलेत का रे? पण आहे खरा."

मी तो तिथे कसा नेला, माता जाणे. या गुडघ्यांनी मी खुर्चीवरसुद्धा हात धरून चढते, कपाट तर त्याहून उंच. आणि गुंडाळला कसा, बाळाला गुंडाळावं तसा. नवलच.

तुझे कान लाल झालेत. स्वयंपाकघरात उकडतंय, नाही?

सोमवार, २७ फेब्रुवारी

आज आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. चिचीच्या दुकानापासून चर्चपर्यंत पताका. डॉक्टरनं मिंगोला सांगितलंय, फेकणं बंद, वरचं वेल्डिंग सहा महिने बंद, व्यायाम रोज. कारखान्यातल्या मुकादमाला त्यानं स्वतःच जाऊन सांगितलं. मुकादम म्हणाला, "आम्हाला जानेवारीपासून माहीत आहे. तू सांगायची वाट बघत होतो."

पण नवी अडचण. तिघांना तीन दिवस, हिशेब सरळ. तरी पहिल्या खिळ्यावर कुणी कप लावू देईना. विल्किन म्हणतो अपशकुन. बेरोआ म्हणतो, "मिंगोच्या जागी? गाव मला सवारी देईल का?" एलियेसेर नुसती मान हलवतो.

तोडगा मिंगोनंच काढला. आता तो रोज मैदानावर असतो, एलियेसेरच्या कोपराला काठीनं टोचत. म्हणाला, "शनिवार कुणाचाच नको. दर आठवड्याला कप सरकवा. दुसऱ्याचा पहिल्यावर, तिसऱ्याचा दुसऱ्यावर, पहिल्याचा शेवटी. दमणूक वाटली जाते. आणि शनिवारहून शेवटच्या खिळ्यावर गेलेल्याला इतकी विश्रांती की बायको घराबाहेर काढेल."

आन्सेल्मोनं बोटानं तिन्ही खिळे मोजले. "हे बाबांना का सुचलं नाही?"

"कारण तेव्हा शनिवार तुमचा होता," मिंगो म्हणाला.

सुरुवात कुणापासून? मिंगो म्हणाला, बेरोआपासून. "बकरं शनिवारी रात्री असतं. सामना दुपारी. उपाशी बेरोआला फेकू द्या."

हे मी डिसेंबरात म्हणाले होते. जवळपास. लिही, जवळपास.

रविवार, ५ मार्च

काल पहिला सामना. जिंकलो. कसेबसे, पण जिंकलो. बेरोआ शेवटपर्यंत टिकला, भुकेनं डोळे पांढरे झाले होते. आज विल्किन फेकतोय, मोजे कालचेच. बुधवारी एलियेसेर.

मिंगोनं भिंतीवर एक लोखंडी आकडा बसवून दिलाय, स्वतः वेल्डिंग करून. खाली, खुर्चीत बसल्या बसल्या हात पोचेल असा. त्याचा लाल कप तिथे आहे. तो फेरात नाही, पण घरीही गेला नाही. चिचीचा पोपट वाटीतून पितोय.

आन्सेल्मो आत्ताच मैदानावर गेला. जाता जाता म्हणाला, "आई, त्या दिवशी तू कप उतरवून विसरली नसतीस, तर मी त्याला दोन्ही दिवस दिले असते. लिहिलंयस ना ते तुझ्या वहीत? की विसरलीस?"

लिहायचं राहिलं होतं खरं. लिही आता.

नऊ फेब्रुवारीच्या रात्री मिंगोचा कप पहिल्या खिळ्यावरून मी, कासिल्दानं, उतरवला. खुर्चीवर एकटी चढून. तो सुनेच्या रुमालात गुंडाळून कपाटावरच्या पिशवीत मीच ठेवला आणि सकाळी विसरले. म्हातारी माणसं विसरतात. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं आणि कुणी मला काही सांगितलं नव्हतं. कुणाला दिलेला शब्द कुणी मोडला नाही.

लिही गं. पेन थांबलं, हे मात्र लिहू नकोस.

झालं? वाचून दाखव बघू. बरं, राहू दे, तुझा आवाज आज बरा नाही. डोळे पूस. फाटकाशी भाऊ आलाय तुझा, कॉफी ओत त्याला. आणि कप देताना कान डावीकडे कर.